चिमुकल्या निवडुंगाचे कलम : पहिले वीस दिवस

एखाद्या रोपवाटिकेत किंवा फुलांच्या प्रदर्शनात तुम्ही एक गमतीचे झाड पाहिले असेल. तीन धारांचा, वीतभरही नसलेला हिरवा दांडा आणि त्याच्या डोक्यावर लालभडक किंवा पिवळाजर्द काटेरी चेंडू! पुष्कळांना हा चेंडू म्हणजे फूल वाटते. काहींना वाटते, रंग लावला आहे. वस्तुतः तिथे दोन निरनिराळी झाडे असतात. खालचे झाड मातीत मुळे रोवून उभे असते आणि वरचे त्याच्या खांद्यावर बसलेले असते. वरच्याला खाली उतरवून मातीत लावले, तर ते फार दिवस जगू शकत नाही.

असे का? उत्तर सोपे आहे. वरच्या चेंडूत हरितद्रव्य नाही. हरितद्रव्य नाही म्हणजे सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करण्याची सोय नाही. त्याचा लाल रंग बीटमध्ये असतो त्या गटातल्या रंगद्रव्यांचा. हा रंग एरवी हिरव्या रंगाखाली झाकलेला असतो. हिरवा गेला की तो उघडा पडतो. १९४१ मध्ये जपानमधील एइजी वातानाबे या रोपवाटिकाकाराला बियांपासून उगवलेल्या सुमारे दहा हजार रोपांत अशी दोन लाल रोपे आढळली. बीजातला अन्नसाठा संपताच ती मेली असती. त्याने ती वेळीच दुसऱ्या हिरव्या निवडुंगावर बसवली. आज जगभर विकले जाणारे लाल चेंडू या घराण्यातले आहेत. मूळ जातीचे नाव जिम्नोकॅलिसियम मिहानोविची. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वाय. तिथे ती झुडपांच्या सावलीत वाढते. ही सावलीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

एका झाडाचा तुकडा दुसऱ्या झाडावर बसवण्याची कल्पना तुम्हाला नवी नाही. कोकणात आंब्याचे कोय कलम करतात. मुळे असलेल्या खालच्या झाडाला ‘खुंट’ म्हणतात, आणि वर बसवतात तो तुकडा म्हणजे ‘कलम’. निवडुंगाचे कलम बांधणे आंब्यापेक्षा सोपे असते. मात्र बांधल्यानंतरचे पहिले वीस दिवस फार जपावे लागतात. त्या दिवसांत काय घडते आणि आपण काय करायचे, ते आता पाहू.

सिद्धगडावरचा निवडुंग चालेल का?

मुरबाडहून म्हसा, नारिवली या वाटेने सिद्धगडाकडे निघालात, की सह्याद्रीचे काळे कातळ समोर उभे राहतात. अशा कड्याकपारींत आणि गावांच्या कुंपणांवर आपल्याकडे काटेरी, जाड खोडाचा निवडुंग दिसतो. मग त्याचाच खुंट का करू नये? फुकट मिळतो, आपल्या हवेत वाढतो!

तो चालणार नाही. त्याचे एक पान तोडून पाहा : पांढरा, दुधासारखा चीक येईल. (हा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, डोळ्याला गंभीर इजा होते. हात लगेच साबणाने धुवा.) हा निवडुंग एरंडाच्या कुळातला आहे. आपला लाल चेंडू मात्र कॅक्टस कुळातला. ते कुळ अमेरिका खंडातले. दोघांची राहणी सारखी – पाणी साठवायचे, पाने कमी करायची, काटे धरायचे – म्हणून दोघांचे रूप सारखे झाले. मासा आणि डॉल्फिन दिसायला सारखे, पण एक मासा आणि दुसरा सस्तन प्राणी. तसाच हा प्रकार आहे. ओळखण्याची खूण सांगतो. कॅक्टसचे काटे लहानशा लवदार गादीतून झुबक्याने निघतात. कुंपणावरच्या निवडुंगाला अशी गादी नसते; त्याचे काटे बहुधा जोडीजोडीने येतात.

कलम जमायचे तर दोन्ही झाडे नात्यातली असावी लागतात. आंब्यावर फणसाचे कलम होत नाही, तसेच हे. म्हणून खुंटही कॅक्टस कुळातलाच हवा. फड्या निवडुंग या कुळातला आहे; पण आज सर्वांत सोयीचा खुंट म्हणजे ड्रॅगन फ्रूटचा वेल. सांगली-सोलापूरकडे या फळाच्या बागा झाल्या आहेत आणि छाटणीतून निघालेले त्याचे तीनधारी तुकडे रोपवाटिकांत मिळू शकतात. हा वेल मूळचा मध्य अमेरिकेच्या पावसाळी प्रदेशातला. झाडांवर चढणारा हा निवडुंग असल्याने आपला दमट पावसाळा तो वाळवंटी निवडुंगांपेक्षा बरा सोसतो. फक्त त्याच्या मुळाशी पाणी साचू नये.

सिद्धगडाचे कातळ इथे एक धडा देतात. चार महिने तिथे धो धो पाऊस कोसळतो, तरी अशा कड्यांच्या भेगांत पाणी साठवणाऱ्या वनस्पती टिकतात. कारण उभ्या कड्यावर पाणी थांबतच नाही. निवडुंगाला पाऊस मारत नाही. साचलेले पाणी मारते. म्हणून कुंडीत निम्मी जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे घाला, आणि तळाचे भोक मोकळे आहे ना, हे पाहा.

दोन वर्तुळांचा प्रश्न

खुंट आडवा कापला की मधोमध एक फिकट कडे दिसते. हे कडे म्हणजे झाडाचे नळ. त्यांतून मुळांकडचे पाणी वर जाते आणि तयार झालेले अन्न फिरते. चेंडूच्या तळाशी कापले, की त्यातही असेच कडे दिसते. कलम म्हणजे या दोन कड्यांची गाठ घालून देणे.

इथे तुमची भूमिती कामाला येते. खुंटाच्या कड्याची त्रिज्या ५ मिलिमीटर आणि चेंडूच्या कड्याची ३ मिलिमीटर आहे, असे समजा. चेंडू बरोबर मधोमध बसवला, तर काय होईल? दोन समकेंद्री वर्तुळे! ती एकमेकांना कुठेच छेदत नाहीत. दिसायला कलम सुंदर, पण नळाला नळ लागलेला नाही. चेंडू एका बाजूला सरकवून दोन केंद्रांतले अंतर २ मिलिमीटरपेक्षा जास्त आणि ८ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवले, तर वर्तुळे दोन ठिकाणी छेदतात. तेवढे पुरते. तेव्हा कलम किंचित बाजूला बसलेले दिसले, तर ‘वाकडे बसवले’ म्हणून हसू नका. बसवणाऱ्याला भूमिती येत होती!

कापण्याचे काम घरातल्या मोठ्या माणसाकडून करून घ्या. नवे पाते स्पिरिटने पुसून घ्यावे, प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसावे आणि दोन्ही काप ओले असतानाच एकमेकांवर ठेवावेत. वरचा तुकडा ठेवल्यावर थोडासा दाबून फिरवावा, म्हणजे मधले हवेचे बुडबुडे निघून जातात. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या ओढून सुटत नाहीत, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. मधला पाण्याचा पातळ थर त्यांना धरून ठेवतो. इथेही रसाचा थर तेच करतो. पण बुडबुडा राहिला, तर तेवढ्या जागी दोन झाडांची भेट होत नाही.

आता एक प्रयोग करा. काकडीची सालासकट जाड चकती कापा आणि दिवसभर उघडी ठेवा. संध्याकाळी चकतीचा मधला भाग खाली बसलेला आणि सालीची कड उंच राहिलेली दिसेल. गर सुकून आकसतो, साल तितकी आकसत नाही. खुंटाचेही असेच होते. मधला भाग खाली गेला, की वरचा चेंडू नुसत्या कडांवर टेकून राहतो आणि मध्ये पोकळी पडते. म्हणून खुंटाच्या तिन्ही धारांच्या कडा वरून तिरप्या छाटतात. पेन्सिलीला जरासे टोक करावे तशा. मग आकसणे झाले तरी मधला भाग वरच राहतो.

शेवटी दोन रबरी कडी एकमेकांना काटकोनात, चेंडूवरून कुंडीच्या तळाखाली घेऊन बसवावीत. दाब सगळीकडून सारखा हवा, पण हलका. चेंडूच्या डोक्यावर कापसाचा लहान बोळा ठेवला, म्हणजे रबर कोवळ्या शेंड्यात रुतत नाही.

दोन शत्रू : सुकणे आणि कुजणे

कलम बांधले. आता वरचा चेंडू कोणाचा आहे? कोणाचाच नाही! त्याची मुळे गेली आणि खुंटाचे नळ अजून जुळले नाहीत. पहिल्या काही दिवसांत दोन्ही कापांवरच्या पेशी विभागून मऊ ऊतक तयार करतात; त्याला किण म्हणतात. किणाने फट भरते आणि मग पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्यातून नवे नळ जुळतात. तोपर्यंत चेंडूने स्वतःच्या पोटातल्या पाण्यावर दिवस काढायचे असतात.

हे पाणी किती पुरेल, ते त्याच्या आकारावर ठरते. १ सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ सुमारे ०.५२ घन सेंटिमीटर. म्हणजे दर घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. व्यास ६ सेंटिमीटर घ्या : पृष्ठफळ ११३ आणि घनफळही ११३, म्हणजे दर घन सेंटिमीटरमागे १ चौरस सेंटिमीटर. पाणी साठते घनफळात आणि उडते पृष्ठभागावरून. तेव्हा बाकी सारे सारखे असेल तर लहान चेंडू मोठ्याच्या सहापट वेगाने सुकणार. चिमुकल्या कलमांना जास्त का जपायचे, ते या साध्या भागाकारात आहे.

दुसरी बाजू हवेची. हवेत मावेल त्यापेक्षा वाफ जितकी कमी, तितकी हवा तहानलेली. २७ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २६ ग्रॅम वाफ मावते. ३८ अंशांना सुमारे ४६ ग्रॅम. समजा, पावसाळ्यातल्या एका दिवशी तापमान २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के आहे. मग हवेला आणखी अडीच ग्रॅमच्या आसपास पाणी हवे आहे. उन्हाळ्यातल्या एका दुपारी तापमान ३८ अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल, तर तिला सुमारे ३२ ग्रॅम पाणी हवे आहे. म्हणजे तिची तहान जवळजवळ बारापट!

तुम्ही म्हणाल, मग पावसाळ्यात कलम बांधू या. सुकण्याची भीतीच नाही. पण थांबा. ओला काप आणि ओलसर, कोंदट हवा म्हणजे बुरशीला आवतण. पावसाळ्यात कलम सुकत नाही, कुजते. भर उन्हाळ्यात कुजत नाही, सुकते. म्हणून सिद्धगडच्या पायथ्याच्या गावांत कलम बांधायला दोन मोसम चांगले : पाऊस सरल्यावरचा ऑक्टोबर आणि थंडी ओसरल्यावरचे फेब्रुवारी-मार्च. तेव्हा हवा फार कोरडीही नसते, फार दमटही नसते आणि खुंटही वाढीला लागलेला असतो.

दिवसांची वही

आता प्रत्यक्ष काय करायचे ते क्रमाने पाहू.

बांधण्याआधी दोन दिवस खुंटाला पोटभर पाणी द्या. फुगलेल्या खुंटाच्या कापावर रस भरपूर असतो.

पहिला ते तिसरा दिवस : कुंडी उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवा, पडवी किंवा उत्तरेची खिडकी चांगली. जागा बदलू नका. ‘चिकटले का’ म्हणून बोट लावू नका. जुळू लागलेला थर इतका नाजूक असतो की जरा ढकलले तरी फाटतो. कापावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नका. चेंडू वाटाण्याएवढा असेल तर वर काचेचा पेला उपडा घाला आणि सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे उघडा. पेल्याच्या आत थेंब जमले तर ते पुसून काढा. चेंडू दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर पेला नको. त्याच्याकडे पुरेसे पाणी आहे, त्याला मोकळी हवा द्या. आणि पेला घातलेली कुंडी कधीही उन्हात ठेवू नका. प्रकाश काचेतून आत जातो, पण आतली तापलेली हवा बाहेर पडत नाही. रिकाम्या पेल्याखाली तापमापक ठेवून उन्हात पाहा, म्हणजे आतल्या रोपाचे काय होईल ते समजेल.

चौथा ते सातवा दिवस : पेला रोज थोडा जास्त वेळ काढून शेवटी बाजूला ठेवा. माती अगदी कोरडी झाली तर कुंडी पाण्याच्या ताटलीत दहा मिनिटे ठेवा आणि उचला. वरून पाणी घालू नका. रबर सैल पडले किंवा सरकले नाही ना, एवढे फक्त डोळ्यांनी पाहा.

आठवा ते दहावा दिवस : संध्याकाळी एका हाताने चेंडू अलगद धरून एक रबर काढा. दुसरे दुसऱ्या दिवशी काढा. दोन्ही रबरे एकदम ओढली तर ओढ एका बाजूची होते आणि चेंडू उडून पडतो.

अकरावा ते विसावा दिवस : आता कोवळे ऊन दाखवा. आधी सकाळचा अर्धा तास, मग तास, मग दोन तास. इथे एक अडचण आहे. खालच्या खुंटाला दोघांसाठी अन्न शिजवायचे आहे, म्हणून त्याला उजेड हवा. वरच्या लाल चेंडूला मात्र कडक ऊन सोसत नाही. तो तर मुळातला सावलीतला रहिवासी. यावर तोड म्हणजे भरपूर पण गाळलेला उजेड : पातळ पांढऱ्या कापडातून किंवा झाडाच्या विरळ सावलीतून येणारा.

जगले की गेले?

कलम जगले तर चेंडू तुकतुकीत दिसतो, कडेने फट दिसत नाही आणि शेंड्याच्या मधोमध नवे कोवळे काटे फुटतात. नवा काटा हा सर्वांत भरवशाचा पुरावा. नुसता रंग पाहून फसू नका. न जुळलेला चेंडूही साठवलेल्या पाण्यावर कित्येक दिवस ताजा दिसू शकतो.

चेंडू सुरकुतला, कडा वर उचलल्या किंवा हात लागताच सुटला, तरी लगेच टाकून देऊ नका. दोन्ही काप पाहा. ते स्वच्छ असतील तर दोन्हींची पातळ चकती पुन्हा कापून लगेच जोडता येते. तपकिरी डाग किंवा मऊपणा असेल तर तो कुजका भाग आहे. डाग पूर्ण जाईपर्यंत कापत जावे, पाते दर वेळी पुसावे. हिरव्या निवडुंगाला एवढी घाई नसते; तो मातीत टेकवला तर स्वतःची मुळे धरू शकतो. लाल चेंडूला दुसरा मार्ग नाही.

जगल्यावरही लक्ष हवे. खुंटाच्या धारांवर कोंब फुटले तर ते लहान असतानाच काढा. नाहीतर खुंट आपल्याच मुलांना पोसतो आणि पाहुण्याला उपाशी ठेवतो. सांध्याच्या खाचेत पिठ्या ढेकूण लपतात. कापूससारखे पांढरे ठिपके दिसले की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीने पुसा. निवडुंगावर जगणाऱ्या याच गणातल्या किड्यांची ताकद भारताने पाहिली आहे. १७९५ मध्ये किरमिजी रंगासाठी म्हणून ब्राझीलहून चुकीच्या जातीचे किडे आपल्याकडे आले आणि त्यांनी देशात माजलेल्या एका फड्या निवडुंगाचा मोठा फडशा पाडला. मग तुमच्या बोटभर चेंडूची काय कथा!

आणखी एक गोष्ट. खुंट आणि चेंडू यांच्या वाढीचा वेग निराळा असतो. म्हणून ही जोडी बहुधा काही वर्षेच टिकते. पण लाल चेंडूला कडेने पिल्ले येतात. ती वेळेवर काढून नव्या खुंटावर बसवली, की तेच झाड पुढे चालू राहते.

एवढा खटाटोप कशासाठी?

केवळ शोभेसाठी, असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातील १,४७८ कॅक्टस जातींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ३१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे दिसले. शौकिनांसाठी रानातून रोपे उपटणे हे त्याचे एक मोठे कारण. म्हणूनच जवळजवळ सगळ्या कॅक्टसांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ या कराराचे नियंत्रण आहे. गंमत अशी की, ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावर बसवलेल्या लाल-पिवळ्या चेंडूंना त्यातून सूट आहे, कारण ते रानात नसतातच. ते माणसाच्या हातून वाढतात. कलमाने दुर्मिळ जातींची सावकाश वाढणारी रोपेही जोमाने वाढवता येतात, त्यांना लवकर फुले येतात आणि बी धरता येते. बी रोपवाटिकेत मिळू लागले की रानात कुदळ घेऊन जाण्याचे कारण उरत नाही.

आपल्या सह्याद्रीतही अशी अनमोल वनस्पती आहे. शिवनेरीसारख्या थोड्याच ठिकाणांच्या कड्यांवर ‘शिंदळ माकुडी’ नावाची पाणी साठवणारी वनस्पती वाढते. महाराष्ट्राबाहेर ती रानात आढळत नाही. ती कॅक्टस नव्हे, पण उपटली गेली तर तिची जागा दुसरे कोणी घेणार नाही. सिद्धगडाचे रान १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात येते. तिथून पानसुद्धा आणणे योग्य नव्हे. तिथे वही न्या, दुर्बीण न्या, झाडे ओळखा आणि हात मागे बांधून परत या. कलमाचा हौशी प्रयोग घरच्या कुंडीत करा. येत्या ऑक्टोबरात एक खुंट लावा, रोजचे तापमान आणि चेंडूचा व्यास वहीत लिहा, आणि विसाव्या दिवशी शेंड्यावर भिंग धरून नवा काटा शोधा.